'जेश्चर' : एक इंग्रजी शब्द आणि मराठीतली त्याची अनेक घरे

शब्दसेतू (धागालेखक)

शाळेतल्या शिक्षकांसाठी लिहिलेल्या एका इंग्रजी हस्तपुस्तिकेचा मराठी अनुवाद सध्या हाती आहे. वर्गात बोलताना शिक्षकाने हात, मान, डोळे आणि चेहरा यांचा उपयोग कसा करावा हा तिचा विषय असल्यामुळे 'जेश्चर' हा शब्द जवळपास प्रत्येक पानावर येतो, आणि दर वेळी तो मराठीत वेगळाच शब्द मागतो. प्रकाशकांचा आग्रह असा आहे की एका इंग्रजी संज्ञेला एकच मराठी संज्ञा ठरवावी आणि ती शेवटपर्यंत वापरावी. शास्त्रीय ग्रंथात हा नियम योग्यच असतो. परंतु या शब्दाच्या बाबतीत तो पाळला तर वाक्ये कृत्रिम होतील आणि काही ठिकाणी अर्थाचा अनर्थही होईल, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून हा धागा काढत आहे.

मुळात हा शब्द लॅटिनमधल्या 'गेरेरे' या धातूपासून आला. त्याचा अर्थ वाहणे, धारण करणे, वागणे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'गेस्तुरा' म्हणजे शरीर वागवण्याची ढब, आणि इंग्रजीतही सुरुवातीला 'जेश्चर'चा अर्थ देहाची ठेवण, चालण्या-उभे राहण्याची रीत असाच होता. पुढे तो आक्रसून 'मनातला भाव किंवा विचार दाखवणारी अवयवांची हालचाल' एवढ्यापुरता राहिला आणि देहाच्या स्थिर ठेवणीसाठी 'पोश्चर' हा शब्द रूढ झाला. त्यानंतर त्याला लाक्षणिक अर्थ मिळाला, तो म्हणजे भावना दाखवण्यासाठी केलेली कृती. कार्यालयात कोणी निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला घरापर्यंत सोडायला गेले तर आपण सहज 'छान जेश्चर होतं' म्हणतो, त्यात हाताच्या हालचालीचा काही संबंध नसतो. अलीकडे फोनच्या पडद्यावर बोट फिरवण्यालाही हेच नाव मिळाले आहे.

आता मराठीतले पर्याय पाहू. 'हावभाव' हा शब्द आज बहुतेक वेळा चेहऱ्याकडे झुकतो. 'हातवारे' हातापुरता आहे, आणि त्यात अतिरेकाची छटा आहे. 'तो हातवारे करत बोलत होता' असे म्हटले की बोलणारा आवेशात किंवा रागात आहे असेच वाचकाला वाटते. 'अंगविक्षेप' म्हटले की बेढब किंवा अश्लील हालचाल डोळ्यांसमोर येते. 'इशारा' हा एके काळी चांगला शब्द होता, पण वर्तमानपत्रांनी त्याला धोक्याच्या सूचनेचा अर्थ इतका घट्ट चिकटवला आहे की 'शिक्षकाने इशारा दिला' असे लिहिले तर शिक्षकाने दम दिला असाच अर्थ होईल. 'मुद्रा' म्हणजे चेहरा, शिक्का, नाणे आणि योगातली हाताची रचना. 'आविर्भाव' म्हणजे आव आणणे. 'खूण' हा त्यातल्या त्यात साधा आणि निर्मळ शब्द, परंतु खूण ही नेहमी कोणाला तरी केलेली असते, आणि बोलताना आपोआप हलणारे हात कोणालाच खूण करत नसतात.

जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातले शब्द आणि त्यांचे प्रत्यक्ष उपयोग सांगावेत, अशी विनंती.

मिरजकर

विषय अतिशय आवडला. इंग्रजीत हालचालींसाठी एक व्यापक नाम आहे, तर मराठीने हे काम क्रियापदांवर आणि वाक्प्रचारांवर सोपवले आहे. अवयव कोणता, तो काय करतो आणि त्यामागे हेतू काय, हे तीनही आपण एका दमात सांगतो. नाक मुरडणे, भुवया उंचावणे, मान वेळावणे, हात झटकणे, अंगठा दाखवणे, दंड थोपटणे, पाठ थोपटणे, कोपरापासून हात जोडणे, पदर पसरणे ही सगळी 'जेश्चर'च आहेत, पण त्यांच्यासाठी एक सामान्य नाव शोधण्याची गरज आपल्याला कधी भासली नाही. तेव्हा अनुवादकाने 'त्याने नापसंतीचे जेश्चर केले' या वाक्यासाठी नाम शोधत बसण्याऐवजी सरळ 'त्याने नाक मुरडले' असे लिहावे.

यातल्या काही हालचाली प्रत्यक्षात मागे पडल्या आहेत आणि वाक्प्रचार तेवढा उरला आहे. आश्चर्याने खरोखर तोंडात बोट घालणारा माणूस आता क्वचितच दिसेल. याउलट शड्डू आमच्याकडच्या तालमींत आणि कुस्तीच्या मैदानांत आजही घुमतो, आणि निवडणुकीच्या बातम्यांत उमेदवारही शड्डू ठोकतात. 'बोंब मारणे' याचा अर्थ आता केवळ ओरडा करणे इतका उरला आहे, परंतु होळीपुढे तोंडावर पालथा हात आपटून आवाज तोडत तोडत काढलेली बोंब ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो शब्द मूळचा एका हालचालीचा आहे हे सांगावे लागत नाही.

एक उदाहरण मुद्दाम सविस्तर देतो, कारण एकाच हालचालीचे दोन टोकांचे अर्थ त्यात दिसतात. 'एखाद्याच्या नावाने बोटे मोडणे' म्हणजे त्याला शिव्याशाप देणे. पण घरातली म्हातारी बाई नातवाच्या गालांवरून दोन्ही तळहात वरून खाली फिरवते, मग तेच हात स्वतःच्या कानशिलांवर टेकवून बोटे कडाकडा मोडते, तेव्हा त्यात शाप नसून नातवावरची इडापिडा आपल्यावर घेणे असते. जितकी बोटे वाजतील तितकी दृष्ट मोठी होती असे समजतात. बोटे तीच आणि आवाजही तोच, फक्त हात कुठे टेकले आहेत यावर अर्थ ठरतो. 'बोटे मोडण्याचे जेश्चर' असे नुसते लिहून हा फरक वाचकापर्यंत पोहोचणार नाही.

पुस्तिका शिक्षकांसाठी आहे म्हणून आणखी एक सुचवतो. 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आज्ञा आणि करंगळी वर करून बाहेर जाण्याची परवानगी मागणे, या दोन गोष्टी महाराष्ट्रातल्या प्रत्येक मराठी वर्गात कोणी न शिकवता समजतात. अशी उदाहरणे अनुवादात घेता आली तर जरूर घ्यावीत.

नूपुरनाद

मी नृत्य शिकवते, त्यामुळे माझ्यासाठी या चर्चेचा आरंभ 'आंगिक अभिनय' या संज्ञेपासून होतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि आंगिकाचा विचार इतका बारकाईने केला आहे की एका हाताच्या 24, दोन हातांच्या मिळून 13 आणि मस्तकाच्या 13 हालचाली नावानिशी दिल्या आहेत. 'अभिनयदर्पण' या दुसऱ्या ग्रंथात ही संख्या वेगळी आहे. तिथे एका हाताचे 28 हस्त येतात. आम्ही वर्गात रोज वापरतो ते पताक, त्रिपताक, कर्तरीमुख, शिखर हे शब्द याच परंपरेतले. लक्षात घ्यावे की शास्त्रात यांना 'हस्त' म्हटले आहे. 'हस्तमुद्रा' हा शब्द आज सर्रास चालतो आणि मी त्याला हरकत घेत नाही, पण सामान्य माणसाच्या बोलतानाच्या हालचालींना 'मुद्रा' म्हणू नये, कारण मुद्रा ठरीव असते, शिकावी लागते.

मस्तकाच्या भेदांबद्दल थोडे सांगते, कारण मान हलवण्यावरून परदेशी लोकांचा आपल्याबद्दल नेहमी गोंधळ होतो. नाट्यशास्त्रात मस्तक सावकाश वर-खाली हलवणे म्हणजे 'आकम्पित', तेच वेगाने केले तर 'कम्पित'. आडवे सावकाश फिरवणे म्हणजे 'धुत', आणि तेच वेगाने केले तर 'विधुत'. म्हणजे दिशा तीच ठेवून केवळ गती बदलली तरी अर्थ बदलतो, हे तेव्हाच्या निरीक्षकाने टिपून ठेवले होते. रोजच्या मराठीतही हा विवेक आहे. 'मान हलवली' यात बहुधा नकार असतो, 'मान डोलावली' यात संमती किंवा तल्लीनता असते, आणि 'मान तुकवली' यात शरणागती. बल्गेरियात मान वर-खाली हलवणे म्हणजे नकार समजला जातो, तेव्हा अनुवाद करताना 'मान हलवून उत्तर दिले' असे मोघम वाक्य कधीही सोडू नये.

आणखी एक शब्द या यादीत हवा होता, तो म्हणजे 'अदा'. बैठकीच्या लावणीत कलावंत एका जागी बसलेली असते, पायांचे काम जवळजवळ थांबलेले असते, आणि एकच ओळ ती अनेकदा गाते. दर वेळी भुवई, नजर, मनगट, पदराचे टोक यांतून त्या ओळीचा निराळा अर्थ काढून दाखवते. कधी रुसवा, कधी आर्जव, कधी मालकिणीचा तोरा. याला अदाकारी म्हणतात, आणि 'हावभाव' या शब्दात तिचा दहावा हिस्साही मावत नाही. सभ्य समाजाने या कलावंतांच्या अदांना वर्षानुवर्षे 'चाळे' म्हटले याचे मला फार वाईट वाटते.

आंबेवाले राजापूर

आमच्या व्यवहारातली एक गोष्ट सांगतो. बाजारात रुमालाखाली सौदा करण्याची जी रीत आहे तिला 'हत्ता पद्धत' म्हणतात. घेणारा आणि अडत्या समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर रुमाल किंवा टॉवेल टाकलेला असतो, आणि त्याखाली एकमेकांची बोटे धरून, दाबून भाव सांगितला जातो. किती बोटे धरली यावरून आकडा कळतो, आणि तो शेकड्यातला की हजारातला हे मालाकडे पाहून दोघांना आधीच ठाऊक असते. नापसंत असेल तर पंजा मोकळा होतो, आणि पुन्हा धरला जातो. बैलबाजारातले हेडे, म्हणजे गुरांचे दलाल, हेच करत आले, आणि हापूसचे सौदेही असे ठरतात हे कोकणातल्या बागायतदाराला चांगले माहीत आहे.

यात शेतकरी, म्हणजे ज्याचा माल आहे तो, शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत असतो आणि आत काय ठरले ते त्याला कळत नाही. उघड लिलावाची मागणी आम्ही करतो ती याचसाठी. धागालेखकांनी जो प्रश्न काढला आहे, की खूण कोणासाठी असते, त्याचे उत्तर इथे नीट दिसते. ही खूण दोघांसाठी आहे आणि बाकीच्यांनी ती पाहू नये म्हणूनच तिच्यावर कापड टाकलेले आहे.

जुन्या मराठीत याच जातीचा 'करपल्लवी' हा सुंदर शब्द आहे, म्हणजे बोटांच्या खुणांनी केलेले बोलणे. त्याची बहीण 'नेत्रपल्लवी' अजून लोकांच्या तोंडी आहे, करपल्लवी मात्र विसरली गेली. आमच्या आजोबांच्या पिढीत तिची पूर्ण पद्धत मुलांना खेळ म्हणून शिकवत असत. आधी हाताच्या आकृतीने अक्षरांचा वर्ग दाखवायचा, मग बोटांच्या संख्येने त्या वर्गातले अक्षर, आणि चुटक्या वाजवून काना-मात्रा.

सनद

न्यायालयीन मराठीच्या अंगाने लिहितो. आपल्याकडे हा विषय शब्दकोशापुरता नाही, त्यावर माणसाचे प्राण अवलंबून राहिलेले आहेत. 1885 साली अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर 'क्वीन-एम्प्रेस विरुद्ध अब्दुल्ला' हा खटला आला. एका स्त्रीचा गळा चिरला होता. ती शुद्धीवर होती, पण बोलू शकत नव्हती. तिला प्रश्न विचारले गेले, एकेक नाव घेतले गेले, आणि तिने हाताच्या खुणेने होकार-नकार दिला. त्यानंतर ती मरण पावली. प्रश्न असा होता, की हाताच्या खुणा म्हणजे मृत्युपूर्व 'निवेदन' होते का, कारण कायद्यात लेखी किंवा 'व्हर्बल' निवेदन असे शब्द होते. पूर्णपीठाने ते निवेदन ग्राह्य धरले. विचारलेला प्रश्न शब्दांत होता आणि खुणेने त्या शब्दांना उत्तर दिले, तेव्हा दोन्ही मिळून शब्दांतलेच निवेदन झाले, असा त्यामागचा विचार. 'व्हर्बल' म्हणजे शब्दांतले, 'ओरल' म्हणजे तोंडाने उच्चारलेले. मराठीत आपण दोन्हींना 'तोंडी' म्हणून मोकळे होतो, आणि या खटल्याचा सगळा गाभा त्या एका शब्दात हरवतो.

1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 119 मध्ये, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने खुल्या न्यायालयात लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष 'तोंडी पुरावा' मानावी असे स्पष्ट म्हटले होते. 2013 च्या दुरुस्तीने त्यात दुभाषा आणि चित्रीकरण यांची तरतूद आली. 1 जुलै 2024 पासून तो अधिनियम जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी तत्त्व तेच राहिले आहे. खालच्या न्यायालयात साक्ष नोंदवताना 'साक्षीदाराने होकारार्थी हावभाव केला' असे जे लिहिले जाते ते मला नेहमी खटकते. काय केले ते लिहावे: मान दोनदा वर-खाली हलवली, उजवा हात आडवा फिरवला, आरोपीकडे तर्जनी रोखली. अर्थ लावण्याचे काम नंतरचे आहे, आणि मूळ हालचाल नोंदलीच नसेल तर वरच्या न्यायालयाला तो अर्थ तपासता येत नाही.

खुणांची शाळा

कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, नाहीतर या धाग्यात एक मोठा गैरसमज तसाच राहील. भारतीय सांकेतिक भाषेतले संकेत म्हणजे 'जेश्चर' नव्हेत. बसथांब्यावर ही मुले आपसांत बोलू लागली की लोक म्हणतात, "बघा, कसे हातवारे चालले आहेत." तो हातवारा नसतो, तो शब्द असतो. हाताची घडण, शरीरावरची जागा, हालचाल आणि तळव्याची दिशा यांपैकी एक बदलले तरी शब्द बदलतो, जसे बोलीत एक वर्ण बदलल्याने बदलतो. वाक्यरचनाही स्वतंत्र आहे. 'काय', 'कुठे', 'कोण' हे प्रश्नार्थक शब्द भारतीय सांकेतिक भाषेत सहसा वाक्याच्या शेवटी येतात, आणि भुवयांची हालचाल हा तिथे भावनेचा नव्हे तर व्याकरणाचा भाग असतो.

कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या 1880 च्या मिलान परिषदेनंतर जगभरच्या शाळांतून संकेतांना हद्दपार केले गेले आणि मुलांचे हात बांधून त्यांना ओठांवरून बोलायला लावले गेले. त्याची झळ आपल्याकडेही पोहोचली. 1960 मध्ये भाषाअभ्यासक विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे हे दाखवून दिल्यानंतर हळूहळू दृष्टी बदलली. दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि 2021 पर्यंत त्यांच्या कोशातील शब्दांची संख्या 10,000 वर गेली. तेव्हा अनुवादात 'साइन' साठी 'संकेत' आणि 'जेश्चर' साठी दुसरे काहीही, ही सीमारेषा कृपया पुसू नये. आमच्या मुलांसाठी ती फार महत्त्वाची आहे.

शब्दसेतू (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. खुणांची शाळा यांनी आखून दिलेली रेषा मी पुस्तिकेच्या प्रस्तावनेतच स्पष्ट करणार आहे.

'खूण कोणासाठी' या मुद्द्याला एक जोड देतो. पुस्तिकेतच 1998 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा उल्लेख आहे. जन्मतः अंध असलेली मुले, ज्यांनी कोणाचेही हात हलताना कधी पाहिलेले नाहीत, तीही बोलताना हात हलवतात, आणि ऐकणारा अंध आहे हे माहीत असतानाही हलवतात. म्हणजे या हालचालींचे नाते समोरच्या माणसापेक्षा बोलणाऱ्याच्या विचाराशी अधिक आहे. दूरध्वनीवर पत्ता सांगताना आपला हात डावीकडे वळतो, तो याच कारणाने. अशा हालचालींना 'इशारा', 'खूण', 'संकेत' यांपैकी काहीही म्हणता येणार नाही, कारण त्यांना पाहणारा अपेक्षितच नाही. इथे मी 'हातांच्या ओघवत्या हालचाली' असे दोन-तीन शब्दांत लिहायचे ठरवले आहे. शब्द जास्त पडले तरी चालतील, परंतु अर्थ चुकलेला चालणार नाही.

लिपिकार

फोन आणि संगणकाच्या मराठीकरणाचे काम करतो, म्हणून त्या बाजूचे थोडक्यात. 2017 च्या आयफोन टेनपासून आणि 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून पडद्यावरची बटणे जाऊन त्यांच्या जागी बोटांच्या हालचाली आल्या, आणि 'जेश्चर' हा शब्द मराठी सेटिंग्जमध्ये जसाच्या तसा शिरला. तिथे तो राहू द्यावा असे माझे मत आहे. ती एक तांत्रिक आज्ञा आहे. तिच्यात भाव नाही, अभिनय नाही. मात्र सूचना लिहिताना 'पिंच जेश्चर करा' असे न लिहिता 'दोन बोटे पडद्यावर टेकवून एकमेकांच्या जवळ आणा' असे लिहिले की ज्येष्ठ नागरिकांना ताबडतोब कळते, हा नेहमीचा अनुभव आहे.

उच्चाराबद्दलही सांगतो. अनेक जण 'गेश्चर' म्हणतात, तो उच्चार चुकीचा आहे. 'जीवन' मधला 'ज' हवा. 'जेस्टर' म्हणजे विदूषक, तो शब्द वेगळा. लिहिताना 'जेस्चर' ऐवजी 'जेश्चर' हेच रूप वापरावे.

मिरजकर

लाक्षणिक अर्थाचे काय करणार? 'नाइस जेश्चर', 'गुडविल जेश्चर', 'एम्प्टी जेश्चर' या तिन्हींची उत्तरे अजून आलेली नाहीत, आणि मला वाटते अनुवाद तिथेच सर्वांत जास्त अडखळतो.

शब्दसेतू (धागालेखक)

पहिल्या दोन जागा मी अशा सोडवल्या आहेत. 'ते त्यांचे छान जेश्चर होते' याचे मराठी 'त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवला' किंवा प्रसंग लहान असेल तर 'त्यांनी आठवणीने केले' असे होते. राजकीय बातमीतल्या 'गुडविल जेश्चर' साठी 'सद्भावना म्हणून' पुरेसे आहे. मच्छीमारांची सुटका सद्भावना म्हणून झाली, असे वृत्तपत्रे लिहितातच. तिसरी जागा अवघड आहे. पुस्तिकेत असे वाक्य आहे की विद्यार्थ्याची चूक झाल्यावर शिक्षकाने सर्वांसमोर त्याची पाठ थोपटणे हे 'एम्प्टी जेश्चर' ठरू शकते. 'पोकळ कृती' हे मराठी वाटत नाही.

नूपुरनाद

'उपचार' वापरून पाहावे. 'ते केवळ उपचार म्हणून पाठ थोपटणे ठरेल' असे वाक्य केले तर त्यात हालचालही राहते आणि तिच्यामागे मन नाही हेही कळते. 'देखावा' म्हटले तर शिक्षकावर ढोंगाचा आरोप होईल, आणि मूळ वाक्यात तो नाही.

शब्दसेतू (धागालेखक)

'उपचार' अगदी नेमका बसतो. वाक्य आता असे होईल: "चुकलेल्या मुलाची सर्वांसमोर पाठ थोपटली, पण नंतर त्याच्याजवळ बसून चूक समजावून सांगितली नाही, तर ते थोपटणे केवळ उपचार ठरते, आणि मुलांना तो लगेच ओळखू येतो." प्रकाशकांना हा धागा पाठवत आहे. पुस्तिकेच्या शेवटी एका शब्दाऐवजी प्रसंगानुसार वापरलेल्या शब्दांचे एक पान जोडावे, अशी विनंती त्यांना करणार आहे.